मागे राहू द्या

गल्लीत त्यांना सगळे सलूनकाका म्हणत. सलून म्हणजे त्यांच्याच घराची पुढची खोली. दोन खुर्च्या, एक लांब आरसा आणि थांबणाऱ्यांसाठी एक बाक. बाकावर केस कापायला आलेल्यांपेक्षा चकाट्या पिटायला आलेलेच जास्त असत, आणि काकांना ते आवडायचं. पुढच्या खोलीमागे राहायची खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराचं दार उघडलं की परस. परस म्हणायचं आपलं. बारा पावलं लांब, आठ पावलं रुंद, तिन्ही बाजूंना डोक्यावर जाणारी भिंत आणि जमिनीत मातीपेक्षा विटांचे तुकडे जास्त. तीस वर्षं तिथे फक्त धुणं वाळत होतं.

काका हाताने हलके आणि मनाने हट्टी. त्यांच्या दुकानाचे दोन नियम होते. एक, एकही केस लांब राहिलेला माणूस पायरी उतरता कामा नये. दुसरा, काम झालं की लहान आरसा डोक्यामागे धरायचा आणि विचारायचं, "घ्या, बघा. ठीक आहे का?" आता हे विचारणं विचारण्यापुरतंच. कुणी "मागे जरा राहू द्या" म्हणालं की काका "हो हो" म्हणत आणि मागचे केस पुढच्याहून बारीक करत. "मागे राहू द्या म्हणजे काय? अर्धवट काम मला जमत नाही," असं गिऱ्हाईक गेल्यावर बाकावरच्यांना सांगत. गल्ली या गोष्टीला हसायची, आणि महिन्याने पुन्हा त्यांच्याकडेच यायची.

बाग लावली ती काकूंनी, आणि तीही पन्नाशी उलटल्यावर. त्यांच्या माहेरी एकच भाऊ होता, तो वारला. भावजय मुलाकडे राहायला गेली, घर दुसऱ्याच्या हाती गेलं आणि नव्या मालकाने ते पाडायला काढलं. काकू शेवटचं बघायला म्हणून गेल्या आणि येताना ओल्या फडक्यात गुंडाळलेली वीतभर काडी घेऊन आल्या. त्या घराच्या अंगणात मांडवावर एक वेल होती. थंडी सरली की तिला जांभळे घोस लागत, हातभर लांब, इतके की खालून जाणाऱ्याच्या डोक्याला लागत. वेलीचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. काकूंच्या घरी तिला घोसवेल म्हणत.

"हिला फूल आलं ना," मागच्या भिंतीशी काडी खोचताना काकू म्हणाल्या, "की मला माहेरी जाऊन आल्यासारखं होईल. आता तिकडे जायला दुसरं काही उरलं नाही."

काका दारात उभे होते. एरवी ते कशाचीही थट्टा करत, या वाक्याची केली नाही. ते त्यांनी मनात ठेवून घेतलं. हिला एकदा तो घोस दिसला पाहिजे, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. पुढची आठ वर्षं त्यांनी त्या वेलीचं जे काही केलं ते एवढ्यासाठीच, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून कुणी त्यांना दोष देईल, आणि तो दोष त्यांनी स्वतःला पुरेसा दिलेला आहे.

पहिल्या वर्षी बागेचा पार बट्ट्याबोळ झाला. काकूंनी टोमॅटो लावले, मिरच्या लावल्या, दोन गुलाब आणले आणि सगळ्यांना पाण्यात बुडवून मारलं. सकाळी पाणी, दुपारी पाणी, जाता-येता पाणी. "अगं, झाडं आहेत ती, म्हशी नव्हेत," काका म्हणाले. काकू तीन दिवस बोलल्या नाहीत. टोमॅटो मुळापासून कुजले, मिरच्या पिवळ्या पडल्या. जगले ते गुलाब, तेही रडतखडत, आणि ती काडी. काडीला दोन पानं फुटली होती आणि त्या दोन पानांवर काकू अशा खूश होत्या की जणू शेतच पिकलं.

दुसऱ्या वर्षी त्यांना कुणीतरी सांगितलं की माणसाचे केस मातीत गाडले की सावकाश खत होतं आणि गोगलगायी फिरकत नाहीत. आता केसांचा त्या घरात काय तोटा? रोज दुकान झाडलं की सुपलीभर निघत. काकूंनी ते पोत्यात साठवले, विटांचे तुकडे वेचून काढले, वाफे केले आणि गल्लीतली सगळी डोकी त्यात पुरली. त्या वर्षी टोमॅटो असे लागले की काठ्या वाकल्या. घरात खाऊन संपेनात, तेव्हा काका दुकानात टोपली ठेवू लागले. "घ्या, तुमच्याच डोक्यातून निघालेत," ते प्रत्येकाला सांगत. "डोक्यातून काहीतरी चांगलं निघालं एकदाचं." ते वर्ष सुखाचं गेलं. पुढे काकू आजारी असताना दोघं पुन्हा पुन्हा त्याच वर्षाबद्दल बोलत.

तिसऱ्या वर्षी काकांचा हात थरथरू लागला.

आधी फक्त सकाळी, मग दिवसभर. आधी डावा, मग उजवाही. डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि वयाचं कारण सांगितलं. काकांनी वस्तरा बंद केला, नुसती कात्री चालवली, कोपर पोटाशी दाबून धरायची युक्ती काढली. मग एक दिवस टपाल कचेरीतल्या कारकुनाच्या कानाला कात्री लागली. वीस वर्षांचं गिऱ्हाईक ते. "काही नाही हो, काही नाही," म्हणत त्याने कानाला कापूस धरला, हसला, निघून गेला आणि पुन्हा आला नाही. त्याच्याबद्दल कुणी वाईट बोललं नाही, काकांबद्दलही नाही. बाकावर माणसं येत होती, गप्पा मारत होती. फक्त खुर्चीत कुणी बसत नव्हतं. काकांनी दोन महिने वाट पाहिली. मग खुर्च्या काढून टाकल्या, आरसा भिंतीवरच राहू दिला आणि चार कात्र्या, कंगवे, गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती बांधायचं पांढरं कापड असं सगळं एका खोक्यात घालून कपाटावर ठेवलं. हातावर पोट असलेल्या माणसाचा हातच गेला की तो नुसता पोटापुरता उरतो. काका दिवस-दिवस बाकावर बसून बंद दाराकडे बघत. जेवायला उठवावं लागे. रात्री झोपेत त्यांची बोटं हवेत कात्री चालवत, आणि काकू जाग्या राहून ती बघत.

तो हिवाळा संपता संपता एका सकाळी काकूंनी स्वतःच कपाटावरचं खोकं खाली काढलं.

"अहो, गुलाब फार वाढलेत. मला नाही जमत ते. तुम्ही बघता का जरा?"

काका परसात आले. कंगवा घेतला, कात्री घेतली, गुलाबाच्या बुंध्याशी ते पांढरं कापड पसरलं, कारण केस खाली पडू द्यायचे नाहीत ही सवय. आणि त्यांनी गुलाबांचे केस कापले. दुसरा शब्द नाही त्याला. कंगव्याने फांद्या सारख्या करून, डोळ्याच्या रेषेत धरून, दोन्ही झुडपं वरून टेबलासारखी सपाट केली. त्यांना दीड तास लागला. फांदीला कान नसतात, हात थरथरला तरी रक्त निघत नाही. शेवटी त्यांनी कापड झटकलं आणि सवयीने विचारलं, "घ्या, बघा. ठीक आहे का?"

स्वयंपाकघराच्या दारातून काकू गुलाबाच्या वतीने म्हणाल्या, "छान झालंय. मागे जरा राहू द्या."

काका हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. आणि अर्थातच मागे वळून राहिलेली एक फांदी उडवून आले.

दैव असं की त्या वर्षी ते गुलाब फुलले, आणि असे फुलले की पूर्वी कधी फुलले नव्हते. गुलाब छाटले की फुलतातच, त्यात काकांची करामत काही नव्हती. पण काकांना वाटलं, आपलंच सूत्र खरं. कापलं की जोमानं येतं. चाळीस वर्षं ते बापांना सांगत आले होते, पोरीचे केस एकदा बारीक करा, बघा कसे दाट येतात. झाडालाही तेच. उंटावरून शेळ्या हाकणारे लोक कमी नाहीत, पण काका निदान खाली उतरून, गुडघे टेकून चूक करत होते.

चौथ्या वर्षापासून त्यांनी घोसवेलीला हात घातला. वेल तोवर भिंतीच्या वर पोचली होती, पण फूल नाही. थंडी संपत आली, पानं गळून नुसत्या काड्या उरल्या, की काका एक दिवस मुक्रर करत. कापड पसरायचं, कंगवा, कात्री, स्टूल. खालपासून वरपर्यंत प्रत्येक काडी बोटभर ठेवून साफ. काकू दारात बसून बघत. "घ्या, बघा. ठीक आहे का?" "मागे राहू द्या." हा खेळ दर वर्षी व्हायचा. फूल मात्र येत नव्हतं. पानं यायची, दाट, तजेलदार, आणि नुसती पानंच.

"पुढच्या वर्षी," काका म्हणत. "अजून जोर धरते आहे ती."

बाकी बागेचं म्हणाल तर कधी वर, कधी खाली. दुकान बंद झालं तसे केसही संपले आणि गोगलगायी परत आल्या. एक वर्ष पावट्याच्या शेंगा टोपल्या भरभरून निघाल्या, तर दुसऱ्या वर्षी कोबीत अळ्या पडून नुसत्या जाळ्या उरल्या. एकदा वाटाण्याएवढ्या गारा पडल्या आणि अर्ध्या तासात सगळे वाफे झोपले. काकू खचल्या की काका बी आणत, काका खचले की काकू कुदळ हातात देत. लग्न होऊन लांब गेलेली लेक फोनवर विचारायची, "आईबाबा, तुम्ही बोलता कशाबद्दल दिवसभर?" तर ती दोघं गोगलगायींबद्दल बोलत. दुकान होतं तेव्हा काका जगाशी बोलत आणि घरी गप्प बसत. आता ते बायकोशी बोलायला लागले होते, आणि हे काकूंना किती हवं होतं ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

मागच्या भिंतीपलीकडे शिवणवाली राहायची. शाळेचे गणवेश शिवायची. तिचं मशीन सकाळपासून खडखडत असे, ते परसात ऐकू यायचं. भिंत एकच, पण तिचं दार पलीकडच्या रस्त्याला, त्यामुळे जायचं तर पाव तासाचा वळसा. काकांचे गुडघे काही त्या वळशाला तयार नसत. काकू मात्र दर वर्षी उन्हं तापायच्या सुमारास आठ-पंधरा दिवस रोज तिच्याकडे जात. "काजं-बटणं करून देते तिला. शाळा सुरू व्हायच्या आधीची घाई असते," असं सांगत. परत आल्या की चेहरा निवलेला असायचा. एकदा काकांनी त्यांच्या केसात काहीतरी जांभळं अडकलेलं पाहिलं. डोक्यावरचा कचरा त्यांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. त्यांनी ते दोन बोटांनी अलगद काढलं, म्हणाले, "गणवेशाच्या चिंध्या डोक्यात घेऊन हिंडतेस," आणि उडवून दिलं. काकू केस सारखे करून कामाला लागल्या.

आणखी एक गोष्ट. भिंतीच्या कोपऱ्यात पाण्याचं मोठं पिंप होतं. त्याच्यामागे मात्र काकू त्यांना जाऊ देत नसत. "तिथे तुमचे गुडघे वाकायचे नाहीत. पिंपामागचं मी बघते," म्हणत. काकांनाही ते सोयीचंच होतं.

आठव्या वर्षी काकूंच्या पोटात गाठ निघाली. इस्पितळात नेलं, उघडलं आणि मिटलं. लेक येऊन राहिली, गेली, पुन्हा आली. थंडीत काकू अंथरुणाला खिळल्या. काकांनी त्यांची खाट स्वयंपाकघरात, परसाच्या दारासमोर आणून ठेवली. बागेत कुणी लक्ष देत नव्हतं. वाफ्यांत तण माजलं होतं. पण वेलीचा दिवस काकांनी चुकवला नाही. उलट त्या वर्षी ते इरेला पेटले. आता तरी, हिच्या डोळ्यांसमोर तरी. त्यांनी वेल इतकी बारीक कापली की भिंतीवर बुंधा आणि बोटभर खुंट राहिले. स्टुलावर चढता येत नव्हतं तरी चढले. हात इतके थरथरत होते की एकेका काडीला तीन-तीनदा कात्री लावावी लागली.

घामाघूम होऊन त्यांनी कापड झटकलं आणि दाराकडे वळून विचारलं, "घ्या, बघा. ठीक आहे का?"

काकूंचा आवाज जेमतेम येत होता. "मागे राहू द्या," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "ऐकलंत का? मागे राहू द्या."

"हो हो," काका म्हणाले.

बाराव्या दिवशी काकू गेल्या. सकाळी, काका चहा गाळत असताना. माणसं आली, बसली, मागे राहिलेल्याचंच कठीण असतं म्हणाली आणि आपापल्या घरी गेली. लेक म्हणाली, "बाबा, आता इथे एकटे राहायचं नाही. मी महिन्याने न्यायला येते. सामान बांधून ठेवा." काका हो म्हणाले. ते त्या दिवसांत सगळ्यालाच हो म्हणत होते.

मग ऊन तापायला लागलं आणि वेलीला पालवी फुटली. काका रोज सकाळी तिच्यापुढे उभे राहत. कोवळी, लकलकीत पानं. एक कळी नाही. आठ वर्षं वाट पाहायला लावून तिने बाईला तसंच जाऊ दिलं होतं, आणि आता पुन्हा निर्लज्जासारखी हिरवी होत होती. काकांना आयुष्यात इतका राग कुणाचा आला नव्हता. कानाला कात्री लागल्यावर न परतणाऱ्या त्या कारकुनाचाही नाही. रडायला येत नव्हतं, ते सगळं या रागात गेलं.

एका संध्याकाळी त्यांनी शेजाऱ्याकडून करवत आणली. बुंधा मनगटाएवढा जाड झाला होता. मातीलगत करवत धरली आणि ओढत राहिले. करवतीला थरथरणारा हातही चालतो. तासाभराने बुंधा तुटला. वरची वेल भिंतीला तशीच लटकत होती. वाळली की ओढून काढू, असं म्हणून काका घरात आले आणि सामान बांधायला बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. दारात शिवणवाली. वळसा घालून, धावतपळत आलेली, गळ्यात मोजायची टेप तशीच.

"काका, वेलीला पाणी घालताय ना?"

"का?"

"माझ्याकडचे घोस माना टाकायला लागलेत. परवापर्यंत चांगले होते. म्हटलं, काकू गेल्यापासून पाणी घालायचं राहून गेलं असेल."

काकांना कळेना. "कसले घोस?"

शिवणवालीने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. "चला माझ्याबरोबर," ती म्हणाली.

पाव तासाचा वळसा त्या दिवशी काकांनी कसा पार केला ते त्यांनाही आठवत नाही. शिवणवालीच्या घरातून, कापडाच्या गठ्ठ्यांमधून ते मागच्या अंगणात आले. पिंपाच्या बरोबर पलीकडे, भिंतीत गुडघ्याएवढ्या उंचीवर एक वीट निखळलेली होती. त्या भोकातून वेलीची एक फांदी इकडे आली होती आणि सुतळीने बांधून भिंतभर पसरवलेली होती. तिला जांभळे घोस लागले होते. मोजले नाहीत, पण चाळीस-पन्नास तरी असतील. हातभर लांब. सगळे सुकून काळसर पडलेले. खाली एक लाकडी चौरंग होता आणि त्याच्यावर, जमिनीवर, गळलेल्या पाकळ्यांचा खच पडला होता.

काकांनी वाकून एक पाकळी उचलली. त्यांनी ती ओळखली. असलीच एक त्यांनी काकूंच्या केसातून काढली होती आणि चिंधी म्हणून उडवली होती.

"कधीपासून?"

"चार वर्षं झाली. पहिल्यांदा एकच घोस आला. फांदी आपोआप आली होती भोकातून. मी काकूंना बोलावलं. त्या या चौरंगावर बसल्या आणि खूप रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, कात्री जिथे पोचली नाही तिथे आलं बघ. ही जुन्या काडीवर फुलते."

काका खाली बसले.

"मी म्हटलं, मग काकांना सांगा ना. कापू नका म्हणावं. उठल्याही होत्या सांगायला. या दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या." शिवणवाली थांबली. पुढचं सांगावं की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं. "म्हणाल्या, यांचं एवढं एकच गिऱ्हाईक उरलंय. तेही मी काढून घेऊ? माझं फूल काय, मी इकडे येऊन बघेन. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली मला. मग दर वर्षी यायच्या. पंधरा दिवस, रोज दहा मिनिटं. पिंपामागून फांदी नीट आत घालून द्यायच्या, मी इकडे बांधायची. या वर्षी घोस आले तेव्हा मी रोज म्हणत होते, आज काकांना बोलवीन. शपथ आडवी यायची. बोलावलं असतं तर..."

ती रडायला लागली. काकांना रडू आलं नाही. ते चौरंगाकडे बघत होते. केसाने गळा कापणं म्हणतात, ते त्यांनी आयुष्यभर थट्टेत वापरलं होतं. आता वाटलं, वेलीचाच नव्हे, बाईचाही आपण दर वर्षी कापत होतो आणि वर आरसा धरून विचारत होतो, ठीक आहे का. आणि ती दर वर्षी उत्तर देत होती. पुढे कापा, मागे राहू द्या. याहून स्पष्ट माणूस काय सांगणार? शेवटी तर दोनदा म्हणाली.

तिने फुलं पाहिली, हे कळून सुख व्हायला हवं होतं. झालंही. पण त्या सुखातच जास्त लागत होतं. माहेर परत आलं ते ती एकटी बघायची, आणि केस सारखे करून घरी यायची, आणि हा माणूस तिला म्हणायचा, पुढच्या वर्षी.

"मी परवाच कापली ती," काका म्हणाले. "बुंध्यातून."

शिवणवालीने त्यांना पाणी आणून दिलं आणि भिंतीला टेकून शेजारी बसली. घोसांतून पाकळ्या पडतच होत्या, वारा नसतानाही.

लेक महिन्याने न्यायला आली तेव्हा बांधलेलं सामान सोडलेलं होतं. "अजून थोडे दिवस," काका म्हणाले. तिने खूप समजावलं, चिडली, शेवटी चार महिन्यांचं औषध भरून ठेवून परत गेली. जाण्याआधी तिला परसात नेऊन त्यांनी बुंध्याजवळचं तण काढून दाखवलं. मातीलगत, कापलेल्या गोल चकतीच्या कडेने, बारीक लालसर कोंब निघाले होते. चार होते. "बाबा, याला फूल यायला किती वर्षं लागतील?" तिने विचारलं. "चार-पाच," काका म्हणाले. त्यांचं वय काय, हे त्या दोघांनाही माहीत होतं, म्हणून तो विषय तिथेच राहिला.

उन्हाळा गेला, पाऊस गेला. बागेत बाकी काही लावलं नाही. काकांनी फक्त त्या चार कोंबांना पाणी घातलं, तेही बेताने. कोंब वाढले, काड्या झाल्या. थंडीत पानं गळली. तीन काड्या भिंतीवर सरळ वर गेल्या होत्या आणि एक वेडीवाकडी, सगळ्यात लांब, पिंपाच्या दिशेने.

थंडी संपत आल्यावर एका सकाळी काकांनी कपाटावरचं खोकं काढलं. पांढरं कापड बुंध्याशी पसरलं. एका हातात कंगवा, एका हातात कात्री घेऊन ते वेलीपुढे उभे राहिले. भिंतीपलीकडे मशीन खडखडत होतं ते एकदम थांबलं. कदाचित दोरा संपला असेल, कदाचित दुसरं काही.

काका बराच वेळ तसेच उभे होते. हात थरथरत होता आणि कात्रीची पाती एकमेकींना लागून बारीक आवाज होत होता. मग त्यांनी कात्री खिशात घातली, पिंपामागे गेले, कळ सोसत गुडघे टेकले आणि ती लांब काडी हलक्या हाताने भिंतीच्या भोकातून पलीकडे घातली. उठायला त्यांना पिंपाचा आधार घ्यावा लागला.

परत येऊन त्यांनी कापड उचललं आणि दाराकडे वळले.

"घ्या, बघा. ठीक आहे का?"

स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. आत ओट्यावर दुधाचं पातेलं होतं आणि जिथे खाट ठेवली होती तिथे आता काही नव्हतं.

"राहू देतो," काका म्हणाले. "मागे राहू देतो."

त्यांनी सवयीने कापड झटकलं. त्यातून काहीच पडलं नाही.